शेंदराची तोटी

पाणी तापवणं हे जगातलं सर्वांत जबाबदारीचं काम आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. आपण बाकीचे सगळे पाणी नुसतं गरम करतो. तो माणूस पाण्याला समोर बसवून, त्याची विचारपूस करून, त्याच्या कलाकलानं घेत त्याला तापवत असे, आणि तापल्यावर त्याच्यापासून दोन पावलं मागे सरून उभा राहत असे, जणू आता हात जोडायचेच बाकी आहेत.

ईरा, निमिष, मागच्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत की बाबाच्या कॉम्प्युटरमधल्या जुन्या फोटोत, आपल्या उमरखेडच्या घराच्या न्हाणीपाशी, तुम्हा दोघांच्या मागे ते तांब्याचं मोठं पोट कसलं आहे, आणि त्याच्या नळाला केशरी रंग कोणी फासलाय. पोटाचं उत्तर सोपं आहे. त्याला बंब म्हणतात. बाहेरून तांब्याचं पिंप, मधोमध एक उभं नळकांडं, खाली जाळी, तीन पाय आणि पुढे पितळेची तोटी. नळकांड्यात वरून काड्या टाकायच्या, भोवतीचं पाणी तापतं, तोटी फिरवली की बादलीत येतं. आपल्याकडे त्यात पराट्या जळत, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेली कपाशीची वाळकी झाडं. केशरी रंगाचं उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही. त्यासाठी तुम्हाला बॉयलरभाऊंची ओळख करून द्यावी लागेल. तुम्ही त्यांच्या मांडीवर बसला आहात, पण तेव्हा तुम्ही तीन आणि पाच वर्षांचे होतात.

त्यांना सगळा गाव बॉयलरभाऊच म्हणे. आपल्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे जिनिंग-प्रेसिंग होतं. तिथे कापसातून सरकी काढायची आणि उरलेल्या रुईच्या गाठी बांधायच्या. गाठी दाबायच्या यंत्राला वाफ लागे, आणि वाफेसाठी एक जुना अजस्र बॉयलर होता. भाऊ त्या बॉयलरवर तीस वर्षं होते. अंगात खाकी सदरा, खिशात पाना, आणि डावी भुवई अर्धीच. उरलेली अर्धी कुठल्याशा जुन्या ज्वाळेनं नेली होती, त्यामुळे ते नेहमी एका बाजूनं आश्चर्य वाटल्यासारखे दिसत. त्यांच्याकडे बॉयलर चालवण्याचं सेकंड क्लासचं सर्टिफिकेट होतं आणि त्यातल्या ‘सेकंड’ या शब्दाचा त्यांना विलक्षण अभिमान होता. “फर्स्ट क्लासवाले कोट घालतेत बाई,” ते म्हणत, “हापिसात बसतेत. बॉयलरपाशी सेकंडवालाच बसते.”

रोज सकाळी साडेसहाला ते जिनिंगचा भोंगा वाजवत. त्या भोंग्यावर उमरखेडची घड्याळं लागत, आणि तुमच्या आजोबांची आंघोळही. गणिताचे शिक्षक असूनही त्यांचा स्वतःच्या घड्याळापेक्षा भाऊंच्या वाफेवर जास्त विश्वास होता. कापसाच्या हंगामात बैलगाड्यांची रांग जिनिंगच्या फाटकापासून आमच्या शाळेच्या भिंतीपर्यंत येई. मी आठवीच्या वर्गाला इंग्रजीचे काळ शिकवत असे आणि खिडकीतून बैल डोकावत असत. मी नागपूरला इंग्रजी शाळेत शिकून इथे सून म्हणून आलेली, सगळं जागच्या जागी हवं असणारी. त्या बैलांचा मला फार राग यायचा. पुढे ते यायचे थांबले तेव्हा वर्ग अगदी शांत झाला, आणि मला त्या शांततेत काही शिकवता येईना.

ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडात अळी, वरून भाव नाही. त्याबद्दल तुम्ही मोठे झाल्यावर पुष्कळ वाचाल, म्हणून मी इथे लिहीत नाही. आमच्या गल्लीत ती वर्षं अशी कळली की गाड्या निम्म्या झाल्या, मग चार-दोन, आणि एका दिवाळीनंतर भोंगा वाजलाच नाही. तुमचे आजोबा टॉवेल खांद्यावर टाकून पावणेआठपर्यंत अंगणात उभे होते. काही महिन्यांनी जिनिंगचा बॉयलर मोडीत निघाला. तो फाटकातून अख्खा बाहेर निघेना, म्हणून गॅसनं कापून त्याचे तुकडे केले. भाऊ तीन दिवस फाटकापाशी उभे राहून ते पाहत होते. चौथ्या दिवशी सकाळी साडेसहाला आमच्या दाराची कडी वाजली.

“जय भीम, बाई. तुमच्याकडं बंब हाये म्हनते.”

“जय भीम भाऊ. आहे की. का?”

“काही नाही जी. पाह्याले आलो.”

ते आत आले, बंबासमोर उकिडवे बसले आणि अर्धा तास बसून राहिले. मी चहा दिला. उठताना म्हणाले, “चांगला हाये. लहान हाये, पन हाये.” दुसऱ्या दिवशी साडेसहाला पुन्हा कडी वाजली. तुमचे आजोबा टॉवेल घेऊन उठले आणि मला म्हणाले, “चला, भोंगा झाला.”

तेव्हापासून आपल्या न्हाणीघराला जिनिंगचे नियम लागू झाले. पहिला नियम असा, की आधी पाणी पाहायचं, मग आग लावायची. “बिनापान्याचा बॉयलर पेटोला तं गाव उडते,” हे ते इतक्या गंभीरपणे सांगत की आपल्या तीन बादल्यांच्या बंबामुळे एक दिवस उमरखेड नकाशावरून पुसलं जाईल अशी मलाही धास्ती वाटू लागली. दुसरा नियम, तोटीसमोर कोणी उभं राहायचं नाही. मग आंघोळीचं पाणी काढायचं कसं? तर बाजूनं, हात लांब करून, मान वळवून. तुमचे आजोबा मुकाट्यानं तसं काढत. शाळेत सगळ्यांना दरडावणारा तो माणूस स्वतःच्या न्हाणीत बकासारखी मान करून उभा असायचा. तिसरा नियम, उन्हाळ्यात बंब बंद असला तरी तपासणी बंद नाही. मे महिन्यात, बाहेर डांबर वितळत असताना, भाऊ येऊन गार बंबाला कान लावत. मी एकदा विचारलं, “भाऊ, आता त्यात काय ऐकू येतं?” ते म्हणाले, “आराम करून राह्यला.”

त्यांच्या मते गळण्याचे चार प्रकार होते आणि ते एकमेकांत मिसळणं म्हणजे अडाणीपणा. नुसती ओल दिसली तर तो पाझर. थेंब जमून पडत असेल तर ठिबक. थेंबामागे थेंब लागला तर गळती. आणि धार लागली की माणसानं पळावं. मी एकदा बेसावधपणे ठिबकेला गळती म्हणाले, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी ‘आय इज’ म्हणणाऱ्या मुलाकडे पाहत असे.

आता शेंदराकडे येते. त्या पहिल्याच हिवाळ्यात बंबाच्या तोटीच्या बुडाशी, जिथे ती तांब्यात घुसते तिथे, ठिबक सुरू झाली. भाऊंचा चेहरा उजळला. ते आनंद लपवायचा प्रयत्न करत होते, पण अर्धी भुवई त्यांचं ऐकेना. त्यांनी शेवंताबाईला हाक मारली. शेवंताबाई आपल्याकडे धुणंभांडी करायला येई, अजूनही येते. त्या दिवशी शनिवार होता हे लक्षात ठेवा.

“शेवंताबाई, थोडा शेंदूर लागते, तेल लागते अन् मूठभर रुई लागते.”

बॉयलरचे सांधे बंद करायची ही जुनी रीत होती. रुईच्या पेळूला, म्हणजे हातानं वळलेल्या बारीक वातीला, शेंदूर आणि जवसाचं तेल चोळून तो तोटीच्या आट्यांवर गुंडाळायचा, वर तोटी आवळायची, दोन दिवस वाळू द्यायचं. रुई म्हणजे सरकी काढलेला कापूस. तीस वर्षं जिनिंगमध्ये काढलेल्या माणसाला रुईचा दुसरा अर्थ असू शकतो हे ठाऊकच नव्हतं. आणि शनिवारी शेंदूर, तेल आणि रुई एका दमात मागणाऱ्या माणसाचा दुसरा काही हेतू असू शकतो हे शेवंताबाईला ठाऊक नव्हतं. ती धावत गेली आणि नाल्याकाठच्या रुईच्या झाडाची पानं आणून, त्यांची एकवीस पानांची माळ ओवून हजर झाली. मारुतीला घालतात तशी.

“हे काय आनलं?” भाऊ म्हणाले.

“रुई. तुमीच म्हनलं नं.”

“अवं बाई, कापसाची रुई. गाठीतली.”

“मंग शेंदूर कायले पाह्यजे होता? अन् तेल? मी त ओली होऊन आली, डोक्यावरून पानी घेऊन! देव बसवून राह्यले म्हनलं न्हानीत.”

“मी देव बसवीन? मी?”

“मले काय मालूम. मानूस बदलते.”

तुमचे आजोबा हसून हसून भिंतीला टेकले. शेवटी भाऊ घरी जाऊन एक कापडी पिशवी घेऊन आले. जिनिंग बंद झाल्यावर तारेच्या कुंपणाला अडकलेली, कोपऱ्यांत राहिलेली रुई त्यांनी चिमूट चिमूट वेचून त्यात ठेवली होती. त्यातला एक पेळू काढून त्यांनी तोटी बसवली. आट्यांच्या बाहेर शेंदूर आला, तोटीचं बूड लाल-केशरी झालं. भाऊ घरी गेल्यावर शेवंताबाईनं इकडेतिकडे पाहिलं आणि ती माळ तोटीला घातलीच. “आनली हाये त वाया कायले घालवाची,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी भाऊंनी ती माळ एका बोटानं उचलून पाहिली, मग मला हळूच म्हणाले, “बाई, बॉयलर इन्स्पेक्टर आला तं हे काय म्हनून सांगाचं?”

त्या दुरुस्तीनंतर दोन वर्षं तोटी फक्त एकदा ठिबकली. मग तुमचे आजोबा गेले.

त्यानंतर बंबाला एका बाईच्या आंघोळीपुरतं पाणी लागे. तेराव्यानंतर पाहुणे गेले, तुमचा बाबा सुट्टी संपवून परत गेला, आणि घरात इतकी शिस्त झाली की मला ती बघवेना. एक ताट, एक वाटी, एक टॉवेल. सोमवारी सकाळी साडेसहाला कडी वाजली. भाऊ आत आले, बंबाला कान लावला, आणि म्हणाले, “ठिबक हाये.” खरोखरच होती. त्यांनी तोटी काढली, पेळू लावला, शेंदूर लावला. पंधरा दिवसांनी पुन्हा ठिबक. मग महिन्यानं. त्या हिवाळ्यात सात वेळा तोटी निघाली आणि बसली. मी इंग्रजी शिकवणारी, तर्कशुद्ध बाई, तरी मला कधी प्रश्न पडला नाही की दोन वर्षांत एकदाच ठिबकलेला सांधा आता पंधरा दिवस का टिकत नाही. प्रश्न पडला नाही म्हणणं खरं नाही. तो मी पडू दिला नाही. दुरुस्ती म्हटली की तास-दीड तास जाई. ते बोलत, मी ऐके. त्यांची बायको फार आधी गेली होती, एक मुलगी फुलसावंगीला दिलेली. ती बोलावून बोलावून थकली होती. “जाईन,” ते म्हणत, “पन इथला बॉयलर कोन पाहीन?”

अशी चार वर्षं गेली. मग तुम्ही आलात. ती दिवाळी तुम्हाला आठवत नसेल. तुम्ही बंबातल्या ज्वाळेला घाबरलात, मग तिथून हलेनात. भाऊ तुम्हाला मांडीवर घेऊन सांगत, “आंधी पानी पाह्याचं, मंग आग,” आणि निमिष, तू ते अमेरिकन उच्चारात म्हणायचास. पण तुमच्या बाबाला माझी काळजी होती. धूर, काड्या, ओली फरशी, एकटी बाई. “आई, पडलीस, भाजलीस, तर मला तिकडे कळणार तरी कधी?” तो विचारत राहिला. त्यानं दोन दिवसांत गिझर आणला, भिंतीवर बसवला, आणि जेवताना म्हणाला, “आता तो बंब काढून टाक. तांब्याचा आहे, मोडीवाला हसत घेऊन जाईल.”

भाऊ पडवीत तुम्हाला मांडीवर घेऊन बसले होते. मोडीवाला हा शब्द त्यांनी ऐकला.

ते उठून न्हाणीत आले, गिझरसमोर उभे राहिले. त्याला कान लावला. बोटानं टिचकी मारली.

“याले कोनी पाह्याले नाही लागत?”

“नाही काका, ऑटोमॅटिक आहे,” तुमचा बाबा कौतुकानं म्हणाला. “पाणी तापलं की आपोआप बंद.”

“आपोआप,” भाऊ म्हणाले. “चांगलं हाये. बाईले तरास नाही.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बाई, बंब कापू नोका देऊ. कोनाले द्याचा असन तं अख्खा द्या.”

“बंब कुठेही जाणार नाही, भाऊ,” मी म्हणाले. तुमच्या बाबानं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. तो चांगला मुलगा आहे.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊ आले. पिशवी उलटी करून झटकली. त्यातून रुईची शेवटची चिमूट निघाली. आटे तारेच्या ब्रशनं घासले, पेळू इतका बारीक आणि सारखा वळला की मी पाहतच राहिले, शेंदूर लावला आणि तोटी शेवटचा वेढा देऊन अशी आवळली की त्यांच्या मानेची शीर फुगली. “आता गळनार नाही,” ते म्हणाले. पाना खिशात घातला आणि गेले.

आणि नाहीच गळली. दोन दिवसांनी मी बंब भरला, पेटवला, तोटीखाली हात धरून उभी राहिले. पाझरसुद्धा नाही. तेव्हा मला नीट कळलं, की या माणसाला तोटी कायमची बंद करता येत होती, चार वर्षं येत होती. मंगळवारी साडेसहाला कडी वाजली नाही. बुधवारी नाही. पुढच्या सोमवारी शेवंताबाईनं बातमी आणली, की भाऊंनी खोली रिकामी करायला काढलीय, फुलसावंगीला लेकीकडे चाललेत.

मुलांनो, मी आयुष्यात कधी कुठली वस्तू मुद्दाम बिघडवलेली नाही. त्या दिवशी मी तुमच्या आजोबांच्या सायकलचा पाना शोधला, न्हाणीत गेले, आणि ती तोटी पाव वेढा सैल केली. जमेना, म्हणून दोन्ही हातांनी केली. बादलीत एक थेंब पडला. मग दुसरा. मी पातळ बदललं आणि चार गल्ल्या चालत त्यांच्या घरी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

ते दोरीनं वळकटी बांधत होते. मला पाहून उभे राहिले. वाटेत मी काय बोलायचं याची नीट वाक्यं तयार केली होती, शाळेत बोलायचे तशी. तोंडातून भलतंच निघालं.

“भाऊ, बंब गळून राह्यला.”

अर्धी भुवई वर गेली. “बाई, तुमी असं बोलता?”

“गळून राह्यला,” मी पुन्हा म्हणाले.

“पाझर का ठिबक?”

“ठिबक.”

“कशी काय? म्या बसवलेली तोटी.”

“आपोआप,” मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग वळकटीवरचा पाना उचलला आणि माझ्यासोबत चालू लागले. न्हाणीत तोटीपाशी बसून त्यांनी आट्यांवरून अंगठा फिरवला. “आपोआपनं सायकलचा पाना वापरला दिसते,” ते म्हणाले. “कोर झिजवली पुरी.” मग थोड्या वेळानं, “रुई संपली बाई. जिनिंगची संपली.” मी देवघरातून वाती वळायचा कापूस आणला. त्यांनी तो बोटांत चुरून पाहिला, नाक मुरडलं, आणि पेळू वळायला घेतला. “दोन दिवस पानी घालाचं नाही,” म्हणाले. “मंग मी येतोच पाह्याले.”

गिझर भिंतीवरच राहिला. शेवंताबाई त्याच्यावर साबणाच्या वड्या ठेवते. भाऊ त्यानंतर तीन हिवाळे आले आणि तोटी त्या तीन हिवाळ्यांत किती वेळा ठिबकली हे मी मोजलं नाही. मग त्यांच्यानं चार गल्ल्या चालवेनात, आणि फुलसावंगीहून लेक येऊन त्यांना घेऊन गेली. जाण्याआधी ते रिक्षातून आपल्या दारी आले होते. उतरले नाहीत. खिशातला पाना माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “सायकलचा नोका वापरू जी.” मागच्या वर्षी लेकीचा फोन आला. शेवटचे काही दिवस ते पहाटे उठून बसत आणि साडेसहा झाले का, विचारत.

तो पाना आता बंबाच्या झाकणावर असतो. शनिवारी शेवंताबाई तोटीला रुईचं पान लावते. तिला अजून वाटतं की चूक तिची नव्हती, आणि मलाही तसंच वाटतं.

तुमचा बाबा दर रविवारी फोनवर विचारतो, आई, सगळं ठीक ना, काही अडचण नाही ना? आणि मी दर रविवारी सांगते, सगळं ठीक, काही अडचण नाही. मला नीटनेटकेपणाची सवय आहे. तोटी आवळून बंद केल्यासारखं मी ते सांगते, आणि तो समाधानानं फोन ठेवतो. तुम्हाला येऊन आता नऊ वर्षं झाली.

या रविवारी मी त्याला सांगणार आहे की बंब गळून राह्यला. तो म्हणेल, कोणालातरी बोलावून घे. बोलावतेच आहे. जवसाचं तेल आणलंय, शेंदूर पुडीत बांधून ठेवलाय, आणि शेवंताबाईच्या शेतातला पहिल्या वेच्याचा कापूस मी स्वतः बसून साफ केलाय, सरकी काढून, चिमूट चिमूट. निमिष, तुझे हात आता मोठे झाले असतील, पाना तू धर. ईरा, पेळू तू वळ. घाई करायची नाही. आधी पाणी पाहायचं, मग आग.